हुशार कुत्र्याला काम लागतं

कुत्रा पाळायचं घरात एकदा ठरलं की 'सगळ्यात हुशार जात कुठली?' हा प्रश्न येतोच. उत्तरही बहुतेकांच्या जिभेवर तयार असतं. बॉर्डर कॉली पहिली, पूडल दुसरी, जर्मन शेफर्ड तिसरा, मग गोल्डन रिट्रीव्हर आणि डॉबरमन. सातव्या क्रमांकावर आपला सर्वांच्या ओळखीचा लॅब्रेडॉर. ही क्रमवारी कुठून आली हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

ती आली कॅनडातून. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ साली 'द इंटेलिजन्स ऑफ डॉग्ज' हे पुस्तक लिहिलं. त्यातल्या क्रमवारीसाठी त्यांनी कुत्र्यांची परीक्षा घेतली नाही. अमेरिका आणि कॅनडात आज्ञापालनाच्या स्पर्धा भरतात, त्यांच्या परीक्षकांना त्यांनी प्रश्नावली पाठवली. १९९ परीक्षकांची उत्तरं आली आणि त्यांच्यात एकमत दांडगं होतं: १९० जणांनी बॉर्डर कॉलीला पहिल्या दहांत बसवलं होतं. कोरेन यांच्या मांडणीनुसार वरच्या गटातला कुत्रा नवी आज्ञा पाचपेक्षा कमी वेळा सांगून शिकतो आणि शंभरातल्या पंचाण्णव वेळा पहिल्या हाकेला ती पाळतो. तळाच्या गटाला तीच आज्ञा ऐंशी-शंभर वेळा सांगावी लागते, आणि एवढं करूनही तो चारातून एकदाच ऐकतो.

या क्रमवारीत मोजलंय काय, ते नीट बघायला हवं. शाळेत पहिल्या बाकावर बसून, बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर करणारं मूल असतं, तसा कुत्रा इथे पहिला आला आहे. कोरेन यांना याची पूर्ण कल्पना होती. त्यांनी स्वतःच कुत्र्याच्या बुद्धीचे तीन भाग पाडले होते: ज्या कामासाठी ती जात घडवली त्याची उपजत समज, स्वतःहून अडचण सोडवण्याची शक्ती, आणि माणसाकडून शिकून त्याचं ऐकण्याची तयारी. परीक्षकांनी गुण दिले ते फक्त तिसऱ्या भागाला. पहिले दोन भाग पुस्तकात राहिले आणि क्रमवारी तेवढी जगभर फिरली.

तळाशी अफगाण हाउंड आहे. लांब रेशमी केसांचा हा कुत्रा डोंगराळ मुलखात नजरेनं सावज हेरून, मालकाच्या कितीतरी पुढे धावत शिकार करायचा. मालक मागून येईपर्यंत काय करायचं हे त्याचं त्यालाच ठरवावं लागे. मागे वळून 'आता काय करू?' असं विचारणारा अफगाण हाउंड उपाशी राहिला असता. अशा कुत्र्याला 'बस' म्हटल्यावर तो तुमच्याकडे एकदा बघतो आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागतो. त्याला मंद म्हणायला मी तयार नाही. (२००५ साली दक्षिण कोरियात जगातला पहिला क्लोन केलेला कुत्रा जन्मला तो याच जातीचा, स्नपी नावाचा. यादीत शेवटचा आलेला कुत्रा इतिहासात असा पहिला आला.)

आता पहिल्या क्रमांकाकडे येऊ. बॉर्डर कॉली समजली की बाकीच्या हुशार जातींचं निम्मं कोडं सुटतं.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरचा डोंगराळ प्रदेश. झाडं कमी, वारा फार, आणि मैल मैल पसरलेल्या कुरणांवर विखुरलेल्या मेंढ्या. तिथला मेंढपाळ खाली उभा राहतो आणि कुत्र्याला वर पाठवतो. कुत्रा सरळ मेंढ्यांकडे धावत नाही, कारण तसं केलं तर त्या उधळतील. तो मोठा वळसा घेत त्यांच्या पलीकडे जातो, तिथे वेग कमी करतो, अंग खाली घेतो, मान पुढे काढतो आणि मेंढ्यांवर नजर रोखतो. न भुंकता, न चावता तो त्यांना हलवतो आणि धन्याच्या दिशेनं आणतो. मोठ्या स्पर्धांमध्ये हा पहिला वळसाच सुमारे चारशे यार्डांचा असतो. एवढ्या अंतरावरून धनी शिट्टीनं सांगतो: डावीकडून ये, उजवीकडून जा, थांब, सावकाश. मेंढी फुटली तर मात्र शिट्टीची वाट बघायला वेळ नसतो, कुत्र्याला आपल्या डोक्यानं धाव घ्यावी लागते. उंचवट्यामागे काय चाललंय ते धन्याला दिसतच नाही, तेव्हा चांगला मेंढपाळ कुत्र्याच्या निर्णयावर विसंबतो. ऐकणं आणि स्वतः ठरवणं, दोन्ही एकाच मेंदूत मुरलेलं. हे रसायन दुर्मिळ आहे.

ते आलं निवडीतून. वेल्समधल्या बाला या गावी १८७३ साली मेंढीकुत्र्यांची पहिली मोठी स्पर्धा झाली. वीस वर्षांनी, १८९३ मध्ये, नॉर्थंबरलंडच्या अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे हेम्प नावाचं पिल्लू जन्मलं. त्याची आई मेग लाजाळू, पण नजरेची पक्की; बाप रॉय मोकळ्या स्वभावाचा. हेम्प गाजावाजा न करता मेंढ्या हलवायचा, आणि त्या त्याचं ऐकायच्या. आजूबाजूच्या मेंढपाळांनी आपल्या कुत्र्या त्याच्याकडे आणल्या. त्याच्यापासून दोनशेच्या वर पिल्लं झाली, आणि आजच्या बॉर्डर कॉलींची वंशावळ मागे नेली की ती बहुधा त्याच्यापाशी पोचते. रंग, कान, शेपूट यांच्याकडे कुणी बघितलं नाही. बघितलं ते फक्त काम.

अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ रेमंड कॉपिंजर यांनी या कामाचा फार सुंदर उलगडा केला आहे. लांडगा शिकार करतो तेव्हा त्याच्या हालचालींची एक साखळी असते: सावज हेरणं, नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग, पकडून चावणं, ठार मारणं. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यात माणसानं या साखळीचे पहिले दुवे जाडजूड केले आणि शेवटचे जवळजवळ तोडून टाकले. नजर, दबकणं आणि पाठलाग उरला, चावा गेला. म्हणजे बॉर्डर कॉलीच्या आत एक अर्धी शिकार सतत तयार असते. ती पुरी होत नाही, म्हणून ती कधी संपतही नाही. हे लक्षात ठेवा, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्याचा संबंध येणार आहे.

या बुद्धीची कमाल मर्यादा कुठे आहे, हे दोन कुत्र्यांनी दाखवलं. पहिला जर्मनीतला रिको. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००४ साली 'सायन्स' नियतकालिकात त्याच्यावर निबंध लिहिला. त्याला दोनशेच्या वर वस्तू नावानं माहीत होत्या. पण खरी गंमत पुढे होती. ओळखीच्या वस्तूंमध्ये एक नवी वस्तू ठेवून कधीही न ऐकलेलं नाव उच्चारलं, तर तो बहुतेक वेळा तीच नवी वस्तू उचलून आणायचा. बाकीच्या सगळ्यांना नावं आहेत, तर हे नाव या नव्याचंच असणार! लहान मुलं शब्द शिकताना जी युक्ती वापरतात, ती कुत्र्यातही दिसली.

दुसरी चेसर. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या वॉफर्ड कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेले जॉन पिली यांनी २००४ मध्ये जन्मलेलं बॉर्डर कॉलीचं हे पिल्लू घरी आणलं. तीन वर्षांत ती १,०२२ वस्तूंची नावं शिकली: चेंडू, मऊ खेळणी, प्लास्टिकच्या तबकड्या. हे वाचून लोक थक्क होतात आणि कुत्र्याचं कौतुक करतात. माझं लक्ष दुसऱ्या आकड्याकडे जातं. पिली रोज चार ते पाच तास तिच्याबरोबर काम करत होते. सत्तरी ओलांडलेला, नोकरीतून मोकळा झालेला, आयुष्यभर शिकण्याचा अभ्यास केलेला माणूस, त्याला अंगण, आणि रोजचे चार-पाच तास. चेसरची बुद्धी तिच्या जातीत होती हे खरंच, पण ती दिसली या तासांमुळे.

आता तोच कुत्रा पुण्या-मुंबईच्या सोसायटीत आणा. सकाळी पंधरा मिनिटं खाली, संध्याकाळी पंधरा मिनिटं खाली, मध्ये नऊ तास घर बंद. पहिले काही महिने सगळं गोड असतं. पिल्लू दोन दिवसांत शेकहँड शिकतं, पाहुण्यांसमोर त्याचा कार्यक्रम होतो. आठव्या-दहाव्या महिन्यात ती अर्धी शिकार जागी होते. समोर मेंढ्या नाहीत, पण पार्किंगमध्ये धावणारी मुलं आहेत, सायकली आहेत, स्कूटर आहेत. कुत्रा त्यांच्याभोवती वळसे घालतो, टाचेला तोंड लावतो. मुलं किंचाळून पळतात आणि खेळ आणखी रंगतो. चेअरमनकडे तक्रार जाते. मग कुत्र्याला खाली नेणं कमी होतं, आणि घरात तो भिंतीवरची सावली, घड्याळाच्या काचेवरून छतावर पडलेला कवडसा, पंख्याचं पातं यांच्यावर नजर रोखायला लागतो. सुरुवातीला लोक हसतात, मोबाइलवर चित्रण करतात. सावलीमागे लागण्याचं हे वेड कॉलींमध्ये ओळखीचं आहे आणि एकदा जडलं की सोडवायला फार जड जातं, म्हणून घरात लेझरच्या ठिपक्याचा खेळ खेळू नये. तो ठिपका कधी हाती लागतच नाही. डॉबरमनांमध्ये अशीच एक सवय दिसते, स्वतःची कूस किंवा घोंगडी तासन् तास चोखत बसण्याची. तिच्याशी जोडलेला एक जनुकीय धागा २०१० मध्ये सापडला. म्हणजे दोष सगळा मालकाचा नसतो, पण रिकामेपण त्याला खतपाणी घालतं.

यावर घरोघर ऐकू येणारा सल्ला एकच: 'दमवा त्याला.' चेंडू फेका, पळवा, सायकलला बांधून न्या. हा सल्ला निम्माच बरोबर आहे. रोज तासभर चेंडूमागे पळणारा कुत्रा महिन्याभरात दीड तास पळू शकणारा कुत्रा होतो. तुम्ही त्याला दमवत नसता, तयार करत असता. शिवाय प्रत्येक फेक त्या पाठलागाच्या दुव्यालाच तेल घालते. कामाच्या कुत्र्याला कुरणावर काम संपल्याचा इशारा मिळतो आणि तो खरंच थांबतो, धन्याच्या पायाशी पडून राहतो. हुशार कुत्र्याला शिकवण्याची पहिली गोष्ट मला हीच वाटते: चटईवर पडून राहणं, आणि काही घडत नसताना स्वस्थ असणं. वाढलेला कुत्रा दिवसाचे बारा-बारा तास झोपतो, पिल्लू त्याहून जास्त. ती झोप न मिळालेलं पिल्लू संध्याकाळी घर डोक्यावर घेतं, आणि आपल्याला वाटतं त्याला अजून फिरवायला हवं.

दुसरी गोष्ट नाक. फिरायला नेताना आपण दोरी ओढून कुत्र्याला चालवतो. प्रत्येक खांबापाशी थांबणं म्हणजे आपल्याला वेळेचा अपव्यय वाटतो. त्याच्यासाठी तोच खांब वाचायचा मजकूर असतो. २०१९ साली झालेल्या एका प्रयोगात काही पाळीव कुत्र्यांना दोन आठवडे वास घेऊन वस्तू शोधण्याचं काम दिलं, बाकीच्यांना तितकाच वेळ मालकाशेजारी शिस्तीत चालण्याचं. कुत्र्यांना आधीच शिकवलं होतं की एका कोपऱ्यातल्या वाटीत खाऊ असतो, दुसऱ्या कोपऱ्यातली रिकामी असते. मग वाटी मधोमध ठेवली. नाकानं काम केलेले कुत्रे तिच्याकडे पूर्वीपेक्षा लवकर धावले. चालण्याचा सराव केलेल्यांत असा फरक पडला नाही. मधली वाटी भरलेली असेल अशी आशा नाकानं काम केलेल्यांना जास्त होती, असा त्याचा अर्थ लावला गेला. घरी यासाठी खर्च काही नाही. जेवणातला थोडा भाग गॅलरीतल्या कुंड्यांमागे, सोफ्याखाली, जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा आणि 'शोध' म्हणा. वीस मिनिटांच्या शोधानंतर कुत्रा जसा गाढ झोपतो, तसा चेंडूनंतर झोपत नाही.

याच वाटीची परीक्षा पोर्तुगालमध्येही झाली. तिथल्या ९२ पाळीव कुत्र्यांवरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ओरडून, पट्टा हिसकून शिकवलेले कुत्रे शिकवणीच्या वेळी जास्त ताणाखाली दिसलेच, पण मधल्या वाटीकडे जातानाही ते रेंगाळले. हुशार जातीच्या बाबतीत हे जास्त गंभीर आहे, कारण ती चांगलं जितक्या लवकर शिकते तितक्याच लवकर वाईटही शिकते. एकदा बसलेला मार, एकदा लागलेली चटक, दोन्ही पक्कं होतं. आपल्याकडच्या घरांत आणखी एक गोंधळ असतो. मुलगा म्हणतो 'सिट', बाबा म्हणतात 'सिट डाउन', आजी म्हणते 'बस रे राजा', आणि 'डाउन'चा अर्थ कुणी झोप असा घेतं, कुणी सोफ्यावरून उतर असा. कुत्र्याला मराठी चालते, इंग्रजी चालते. मात्र एका कामाला घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द ठेवावा. आजीचा शब्द ठेवावा, असं मी सुचवेन, कारण दिवसभर घरात तीच असते.

बाकीच्या नामवंतांकडे आता थोड्या वेगानं जाऊ. जर्मन शेफर्ड, ज्याला आपल्याकडची जुनी मंडळी अजून अल्सेशियन म्हणतात, तोही मूळचा मेंढ्यांचाच कुत्रा. घोडदळातले अधिकारी माक्स फॉन श्टेफानिट्स यांनी १८९९ साली एका प्रदर्शनात एक नर पाहिला, विकत घेतला, त्याचं नाव होरांड ठेवलं आणि त्याच्यापासून जात उभी केली. मेंढ्या कमी झाल्या तशी या जातीनं पोलिसांची आणि सैन्याची नोकरी धरली. तिला माणसाशेजारी राहून काम करायचं असतं. अंगणात साखळीला बांधलेला शेफर्ड राखण करत नसतो, तो फक्त भुंकत असतो.

त्याचा बेल्जियन भाऊबंद मॅलिनुआ सध्या फार चर्चेत आहे. ओसामा बिन लादेनवरच्या २०११ च्या मोहिमेत कैरो नावाचा मॅलिनुआ होता, आणि आपल्याकडेही केंद्रीय राखीव पोलीस दल, भारत-तिबेट सीमा पोलीस आणि एनएसजी यांच्याकडे हे कुत्रे आहेत. फिनलंडमध्ये हजारावर कुत्र्यांच्या, तेरा जातींच्या चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. अडथळ्याला वळसा घालून खाऊपर्यंत पोचण्यात मॅलिनुआ सर्वांत चलाख निघाला, पण मोह आवरण्याच्या परीक्षेत तो आणि जर्मन शेफर्ड मागे पडले, बॉर्डर कॉली पुढे आली. स्मरणशक्ती आणि तर्क यांत जातीजातींत फरक आढळला नाही. झटकन झेप घेणारा, ब्रेक कमी असलेला हा कुत्रा कमांडोला हवा असतो. बातम्या पाहून तो घरी आणणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो: नको.

डॉबरमन घडवला तो जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या एका करवसुली करणाऱ्या माणसानं, आणि कर गोळा करणाऱ्याला कसला सोबती लागत असेल ते सांगायला नको. पूडलला आपण शोभेचा समजतो. खरं तर तो पाण्यात पडलेली बदकं आणून देणारा कुत्रा. त्याचे ते गमतीशीर कापलेले केस पोहायला सोपं जावं आणि सांधे उबदार राहावेत म्हणून. त्याचे केस फारसे गळत नाहीत, पण वाढतात आणि गुंततात, त्यामुळे मालकाला कंगवा हातातून ठेवता येत नाही. छोट्या घरात हुशार कुत्रा हवाच असेल तर मी लहान पूडलचं नाव घेईन. लोकांना ते पटत नाही.

लॅब्रेडॉरवर मात्र थांबायला हवं. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला झंजीर हा लॅब्रेडॉर होता, पुण्यात शिकलेला. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्यानं शोधून दिलेल्या साठ्यात तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स होतं. २००० साली तो हाडांच्या कर्करोगानं गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला इतमामानं निरोप दिला. असा कुत्रा काम करतो तो कशासाठी? देशासाठी नव्हे; चेंडूसाठी, शाबासकीसाठी आणि खाऊसाठी. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं की जवळजवळ चौथा हिस्सा लॅब्रेडॉरांमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्याला पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. अपंगांच्या मदतीसाठी तयार केलेल्या लॅब्रेडॉरांमध्ये हे प्रमाण तीन चतुर्थांशाच्या आसपास निघालं. खाऊसाठी जो काहीही करेल, तोच शिक्षकाला लाडका. म्हणजे लॅब्रेडॉरच्या हुशारीतला एक वाटा त्याच्या भुकेचा आहे. आपल्या घरांत या भुकेपुढे कुणाचं काही चालत नाही. पोळीचा तुकडा, ग्लुकोज बिस्किट, दूध-भात, वर दुपारचा शेंगदाणा. चार वर्षांत तो गोल होतो आणि सांधे बोलायला लागतात. वाटी मोजून भरा, आणि शिकवताना दिलेला खाऊ त्या मापातून वजा करा. कांदा, चॉकलेट, द्राक्षं तर नाहीच; शिऱ्यातल्या मनुकासुद्धा त्याच्यासाठी विषारी ठरू शकतात.

जातीवर एवढं बोलल्यावर एक कात्री लावायला हवी. अमेरिकेत अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं वाचून केलेला मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम नऊ टक्के फरक जातीनं समजावता येतो, असा त्याचा निष्कर्ष. ज्या गुणावर जातीचा ठसा त्यातल्या त्यात जास्त दिसला, तो म्हणजे माणसाचं ऐकण्याची तयारी. कोरेन यांच्या परीक्षकांनी नेमका तोच मोजला होता, म्हणून त्यांचं इतकं एकमत झालं असावं. शहाणपण, धीटपणा, माया, चिडखोरपणा यांची हमी कुठलीही वंशावळ देत नाही.

आणि ज्यांची नावं त्या यादीत कधी आलीच नाहीत, त्यांचं काय? दख्खनच्या पठारावर धनगरांच्या कळपाबरोबर चालणारा कुत्रा बघा. तो मेंढ्या वळत नाही. ते काम धनगराचं, त्याच्या हाकेचं आणि काठीचं. हा कुत्रा धनगरांच्या फिरत्या वाड्याबरोबर गावोगाव हिंडतो, मेंढ्यांत मिसळून राहतो आणि रात्री शेतात वाघर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचं जाळं, लावली की जागतो. लांडग्याची चाहूल त्याला माणसाच्या आधी लागते. कॉपिंजर यांच्या भाषेत सांगायचं तर राखणीच्या कुत्र्यात शिकारीची ती सगळी साखळीच झोपवलेली असते, नाहीतर मेंढ्यांमध्ये तो राहिला नसता. भुंकायचं कधी, धावून जायचं कधी, वाटसरूला सोडायचं की अडवायचं, हे तो अंधारात एकटा ठरवतो. त्याला 'शेकहँड' शिकवायला घेतलं तर तो कोरेन यांच्या यादीत अफगाण हाउंडच्या शेजारी जाऊन बसेल. लातूरकडच्या पश्मी आणि मुधोळच्या शिकारी कुत्र्यांची गोष्ट थोडीफार अफगाणसारखीच: नजर तेज, पाय वाऱ्याचे, मत स्वतःचं. आपला गावठी कुत्रा तर अडचण सोडवण्यात पटाईत असतो. कुठल्या टपरीवाल्याचा हात सैल आहे आणि कुठला वॉचमन दगड उचलतो हे त्याला पाठ असतं, आणि उन्हाळा त्याला झेपतो.

उन्हाळ्याचं विसरून चालणार नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड ठेवावं लागतं. थंड मुलखातल्या दाट केसांच्या कॉलीला आणि शेफर्डला एप्रिल-मेमध्ये उजाडायच्या आत फिरवून आणावं. दुपारच्या डांबरावर आधी आपला तळहात टेकवून पाहावा. कॉली तर कामाच्या नादात धाप लागली तरी थांबत नाही. थांबवणं मालकाचं काम. दिवसाचा उरलेला वेळ घरातल्या फरशीवर, नाकाच्या आणि डोक्याच्या खेळांत जाऊ द्यावा.

पिल्लू निवडताना वयाकडे बघा. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून जो अभ्यास केला, त्याचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं, असं त्यांनी दाखवलं. या काळात त्याला वेगवेगळी माणसं, प्रेशर कुकरची शिट्टी, रिक्षा, लिफ्ट, काठीवाले आजोबा, सगळं शांतपणे भेटायला हवं. लसीकरण पुरं होईपर्यंत ते कडेवरून भेटवता येतं. पण त्यातले पहिले आठवडे आईपाशी आणि भावंडांत जायला हवेत, कारण चावा किती जोराचा घ्यायचा नाही हे भावंडंच शिकवतात. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. बाजारात महिन्याभराचं पिल्लू सर्रास हातात ठेवतात, 'लहान घेतलं की लळा लागतो' असं सांगून. अशा ठिकाणाहून उठून यावं. आई दाखवा म्हणावं. आई घाबरट किंवा अंगावर येणारी असेल तर बापाची पदकं बघत बसू नये. बॉर्डर कॉली घेत असाल तर आई-बाप मेंढ्यांवर किंवा स्पर्धांत काम करणारे आहेत की प्रदर्शनातले, ते विचारावं, आणि फ्लॅटसाठी कामाच्या घराण्यातलं पिल्लू टाळावं. एका वेतातलं सगळ्यात आधी धावत येणारं पिल्लू मन जिंकतं. नवख्या घराला मात्र मधलं, थोडं बघून मग येणारं पिल्लू जास्त मानवतं.

शेवटचा हिशेब वर्षांचा. असा कुत्रा बारा-चौदा वर्षं जगतो. हट्ट करणारा मुलगा आज अकरा-बारा वर्षांचा असेल, तर कुत्रा पाच-सहा वर्षांचा, ऐन भरात असताना तो इंजिनियरिंगला दुसऱ्या गावी जाईल, आणि कुत्रा दहाचा होईल तेव्हा कदाचित दुसऱ्या देशात असेल. पहाटे साडेपाचला दोरी घेऊन जिने उतरणारे तेव्हा त्याचे आई-वडील असतील. म्हणून पिल्लू बघायला जाताना मुलाच्या आधी त्यांनी ठरवावं की ही जात आपल्याला झेपणार आहे का. निम्मी वर्षं ते कुत्रं त्यांचंच असणार आहे.